नाव ठरेपर्यंत आंजर्ले

नाव ठरत नाही म्हणून सहल पुढे ढकलायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटाचं एकमत झालं. बाकी कशावरच नाही. दादा-वहिनींनी आणलेली कुत्री आठेक महिन्यांची, तांबूस, अस्सल गावठी. एक कान उभा, दुसरा अर्ध्यात मोडलेला. संस्थेच्या कागदावर तिचं नाव ‘फीमेल, ब्राउन’ असं होतं आणि पंधरवडा उलटला तरी त्यात भर पडली नव्हती.

उमेदवार बरेच होते. भाचीला ‘मोचा’ हवं होतं, कारण तिच्या मैत्रिणींच्या घरी कुकी, बिस्किट आणि ब्राउनी आधीच नांदत होत्या. दादाने ‘सरमा’ पुढे केलं. ऋग्वेदात पणींनी लपवलेल्या इंद्राच्या गाई शोधून काढते ती ही सरमा, आणि घरातल्या पहिल्या कुत्रीला याहून मोठं नाव कोणतं, असा त्याचा सवाल. माझ्या नवऱ्याला ‘राणी’ पसंत. आई रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली न चुकता ‘चिंगी’ एवढंच लिहायची. वहिनी म्हणाली, “जेवायला हाक मारली की येईल असं कुठलंही ठेवा.”

आमच्या लहानपणी हा घोळ नव्हता. कुत्रा असेल तर मोती, टॉमी नाहीतर वाघ्या. मांजर मनी. बैलांची जोडी सर्जा-राजा किंवा ढवळ्या-पवळ्या. एका आळीत तीन मोती असले तरी कुणाचं अडत नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या मोतीला ओळखावं.

शुक्रवार

दुपारी तीनला पुणं सोडलं. ताम्हिणी, माणगाव, लोणेरे फाट्यावरून आत गोरेगाव, आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडायची आणि मंडणगडमार्गे आंजर्लं. दापोलीवरूनही येता येतं, पण मला आंबेतची वाट आवडते. पूल ओलांडला की हवा बदलल्यासारखी वाटते आणि गाडीतलं संभाषण आपोआप माशांकडे वळतं.

कुत्र्याला घेऊन पहिल्यांदा घाटातून जाणाऱ्यांनी एवढं करावं: निघायच्या तीन-चार तास आधी पोटभर खायला घालू नये, काच थोडी उघडी ठेवावी, दर दोनेक तासांनी उतरवून पाय मोकळे करू द्यावेत. आमच्या पाहुणीला सकाळीच थोडंसं जेवण दिलं होतं. पण मागच्या सीटवर भाचीने गुपचूप किती बिस्किटं चारली, ते ताम्हिणीच्या चौथ्या-पाचव्या वळणावर सगळ्यांना कळलं. जुनी चादर अंथरली होती म्हणून सीट वाचली.

निजामपूरजवळ रायगडाकडे जाणारा फाटा दिसला आणि दादाला विषय मिळाला. रायगडावरच्या वाघ्याचा पुतळा 1936 सालचा, त्यासाठी पैसे दिले होळकरांनी. 2012 मध्ये तो एकदा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याचा समकालीन पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही, त्यावरून वाद चालूच आहे. “पुरावा असो नसो, नाव कसं टिकलं बघ,” दादा म्हणाला. नवरा म्हणाला, “मग वाघी ठेवू.” त्यावर माणगाव येईपर्यंत गाडीत शांतता होती.

राहण्याची सोय करताना एक धडा मिळाला होता तो सांगून ठेवते. “पेट चालेल” असं फोनवर ऐकलं की तिथेच थांबू नका. किती मोठा चालेल, खोलीत चालेल की बाहेर बांधावा लागेल, अंगणात त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे का, हे सगळं विचारा. एका ठिकाणी आगाऊ रक्कम घेतल्यावर आम्हाला कळवलं गेलं की ‘पेट’ म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी. आम्ही उतरलो ते दुसऱ्याच घरी, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या. रात्री नऊला पोचलो तेव्हा काकूंनी आधी कुत्रीला पाणी दिलं, मग आम्हाला विचारलं.

त्यांचा कुत्रा पायरीवर आडवा पडला होता. उठला नाही, नुसतं बघितलं. नाव सरपंच.

“सगळ्यांच्या अंगणात जाऊन बसतो, काम शून्य,” काकांनी नावाचं कारण दिलं. खरे सरपंच एकदा पट्टीचं विचारायला आले होते, तेव्हापासून चारचौघांत त्याला नुसतं ‘पंच’ म्हणतात. वाडीत एक मनी होती आणि एक कपिला. नावांच्या बाबतीत कोकणी माणूस वेळ घालवत नाही, फक्त आधी नीट बघून घेतो.

शनिवार

“आज वद्य तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला ओहोटी, पाणी पार आत,” काकूंनी घावणे उलटता उलटता हिशेब मांडला. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. किनाऱ्यावरच्या माणसाला हे पाठ असतं. मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक काढून भाचीने पडताळलं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला. काकू म्हणाल्या, “तेवढं तुमच्या मोबाइलला सांभाळून घ्यावं लागेल.”

आंजर्ल्याचा किनारा लांबलचक, आणि ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट की पाय रुतत नाही. कुत्रीने समुद्र पाहिला आणि आधी ती त्याच्यावर भुंकली. लाट आली तशी मागे पळाली. लाट मागे गेली, तिला वाटलं आपणच हाकलली. मग ती भुंकत पुन्हा पुढे. हा कार्यक्रम एवढा वेळ चालला की किनाऱ्यावर पोहे खात बसलेले लोकही बाजू घेऊ लागले.

खारं पाणी पिऊ द्यायचं नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. थोडं पोटात गेलं तर जुलाब-उलट्यांवर भागतं, जास्त गेलं तर जनावर खरंच आजारी पडतं. म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि पसरट वाडगा हातात हवाच, आणि तहान लागायच्या आधी पाजायचं. किनाऱ्यावर मरून पडलेले मासे, जेलीफिश, जाळ्यांचे तुकडे यांवर नजर ठेवायची. कोरडी वाळू साडेदहानंतर तापते. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघावी, आपल्याला सोसत नसेल तर त्या पंज्यांनाही सोसत नाही. आम्ही दहालाच परतलो. विहिरीच्या पाण्याने पाय, पोट आणि कानामागचा भाग धुतला. सरपंच लांबून बघत होता. स्वतःला धुवून घेण्याचा विषय त्याने कधी निघू दिला नसावा.

सकाळच्या फेरीत नावांची पहिली चाचणी आपोआप झाली. लांब दोरी लावून तिला सोडलं होतं आणि जो तो आपल्या पसंतीच्या नावाने हाक मारत होता. ती कुणाकडेच बघत नव्हती, पण ते नाव न ठरल्याचं फळ होतं. काका मात्र माडांच्या सावलीतून ऐकत होते. जेवताना त्यांनी दादाला विचारलं, “तुम्ही तिला आडनावाने का हाका मारता?”

“आडनावाने?”

“शर्मा, शर्मा करत होतात ना.”

दादाने पणी, इंद्र आणि गाई हे सगळं सांगितलं. काकांनी ते मनापासून ऐकलं. “कथा चांगली आहे,” ते म्हणाले. “पण लाटांच्या आवाजात ‘स’ विरतो हो. होडीवरून हाक मारताना आम्ही ‘स’वाल्याला टोपणनावाने बोलावतो.” भाचीला आनंद झाला तोवर काकूंनी विचारलं की मोजा कुणाचा हरवलाय.

चारच्या सुमाराला खाडीवरच्या पुलावरून हर्णैला गेलो. बंदरात मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. होड्या थोड्या आत उभ्या राहतात आणि मासळी किनाऱ्यापर्यंत आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. पोटापर्यंत लाटा घेत शांत उभे असलेले बैल बघून आमची पाहुणी भुंकायचंच विसरली. समोर सुवर्णदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज एक झाले, कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या आणि किल्ला तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. मराठ्यांचंच आरमार मोडायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, हे तिथे उभं राहून आठवलं की किल्ल्याचा फोटो काढायला हात लवकर उचलत नाही. होडीने किल्ल्यात जाता येतं, पण नवख्या कुत्र्याला हिंदकळणाऱ्या होडीत चढवण्याच्या मी विरुद्ध होते. वहिनीही.

त्यापेक्षा होड्यांची नावं वाचत फिरलो. एकवीरेच्या नावाच्या, हनुमानाच्या नावाच्या, कुणाच्या मुलीच्या नावाच्या. नाव मोठ्या अक्षरात, रंग दरवर्षी ताजा, नोंदणीचा क्रमांक मात्र खारट हवेने पुसट. भाची म्हणाली की एकाही होडीला खाण्याच्या पदार्थाचं नाव नाही. तिने हे कुणीही न विचारता म्हटलं, त्यामुळे मोचाची बाजू थोडी कमकुवत झाल्याचं आम्ही ओळखलं.

बंदरातल्या मांजरी धष्टपुष्ट आणि निर्भय. एकीने टोपलीवरून न उतरता आमच्या कुत्रीच्या नाकावर एक पंजा दिला आणि बांगड्याकडे पुन्हा लक्ष वळवलं. जपानमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं होतं की मांजरींना आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखता येतं. कोळीणबाईंनी हिला तीन वेळा नावाने हाकललं. ओळखलं असणारच, उत्तर द्यायची गरज वाटली नसावी. बंदरात पट्टा आखूड धरावा, वाळूत गळ आणि काटे पडलेले असतात.

सहाच्या आत परत आंजर्ल्याला, कारण कासवांची पिल्लं सोडणार होते. इथे कुत्रं न्यायचं नाही. कासवांची अंडी उकरून खाणाऱ्यांत कोल्ह्यांच्या जोडीला कुत्रीही असतात, त्यामुळे तर अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, हॅचरीत पुरावी लागतात. नवरा तिला घेऊन किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबते आणि निघून जाते. पिल्लं साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर येतात. आई त्यांना बघत नाही, तीही आईला नाही. जवळच्या वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम सुरू केलं, मग ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. त्या संध्याकाळी टोपलीखालून तळहाताएवढीही नसलेली काळपट पिल्लं निघाली आणि पाण्याकडे चालू लागली. दोरीच्या पलीकडे लोक, फ्लॅश बंद. एक पिल्लू उलटं फिरलं तेव्हा सगळी गर्दी एका आवाजात “अगं, अगं” म्हणाली.

भाचीने कासवमित्राला विचारलं की यांना नावं देतात का. पिल्लांना नाही, पण मोठ्यांना दिलीत, असं तो म्हणाला. 2022 मध्ये कोकणात माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. वेळासची पहिली म्हणून ती प्रथमा, आंजर्ल्याची सावनी. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री थेट श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मला त्याहून आवडली ती नाव नसलेली. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायाला 03233 क्रमांकाचा बिल्ला लावला, ती 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सारा द्वीपकल्प ओलांडून आली आणि ओळख पटली ती पाच आकड्यांवर. तिला कुणी हाक मारणार नव्हतं, त्यामुळे आकडा पुरला.

आमचं तसं नव्हतं. त्याच वेळी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खेकड्याच्या मागे झटका देऊन कुत्रीने गळपट्ट्यातून डोकं काढून घेतलं होतं. संध्याकाळी वारं समुद्रावरून येतं, खारे वारे, ते तोंडावर घेत नवरा ओरडत होता: “राणी! राणी, ये ना!” अंधार पडत आलेला. आम्ही पोचलो तेव्हा दोन बायका थांबून त्याच्याकडे बघत होत्या, तिसरीचा नवरा जरा जास्तच जवळ येऊन उभा होता, आणि एक पाच-सहा वर्षांची राणी खरोखर विचारायला आली होती की काय झालं.

कुत्री माडांच्या रांगेपलीकडे कुठेतरी होती. दादाने सरमा म्हणून पाहिलं, भाचीने रडत रडत मोचा. दिवे घेऊन निघायच्या विचारात असतानाच वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, काकू उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, नुसता आवाज लांबवला: “ये गो बायोऽऽ!”

केवड्याच्या झुडपातून तांबडं काहीतरी सुसाट बाहेर आलं आणि काकूंच्या पायाशी लोळलं. आदल्या रात्रीपासून पाणी आणि भाकरी देताना काकू हेच म्हणत होत्या, हे आमच्या लक्षात तेव्हा आलं. त्या सगळ्यांनाच बायो म्हणतात, माझ्या भाचीलाही.

रविवार

एकदा आली म्हणून नाव झालं, हे दादाला मान्य नव्हतं. भाकरीचा वास असेल, योगायोग असेल. म्हणून सकाळी नऊच्या ओहोटीला रीतसर परीक्षा. हातात खाऊ कुणाच्याच नाही. एकाने दोरीचं टोक धरून लांब उभं राहायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीने हाक मारायची. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे त्या वेळी पडत आले होते, म्हणजे वाऱ्याची मदतही नाही आणि अडथळाही नाही. दादाने हे मुद्दाम सर्वांना ऐकवलं.

‘सरमा’ला तिने कान हलवला, तोही मोडका. ‘मोचा’ला वाळू उकरली. ‘राणी’ म्हणायला नवरा तयार होईना, काल बघणाऱ्यांपैकी दोघी तिथेच चालत होत्या. ‘चिंगी’ आईच्या वतीने मी म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून बसली. वहिनीने “बायोऽऽ” म्हटलं आणि दोरी धरणारा नवरा दोन पावलं फरफटला.

कारण उघड आहे. नाव दोन अक्षरांचं, शेवटचा स्वर उघडा, हवा तेवढा लांबवता येतो. ‘बस’, ‘थांब’, ‘नको’ या रोजच्या हुकमांशी त्याची गल्लत होत नाही. घरातल्या दिवाणखान्यात कुठलंही नाव चालतं, पाच फुटांवरून काय, शिट्टीही चालते. भाचीने एक बरोबर शंका काढली: कुणी घराबाहेर पडताना ‘बाय’ म्हटलं तर ही दारात धावेल. तेव्हा यापुढे घरात ‘येते गं’ म्हणायचं असं ठरलं. आजीला हे आवडणार असल्याने विरोध झाला नाही.

संकष्टी होती, त्यामुळे कड्यावरच्या गणपतीला गर्दी. आम्ही दोन तुकड्या केल्या, एक वर, एक खाली कुत्रीपाशी. पांढरंशुभ्र देऊळ, उजव्या सोंडेचा गणपती, आणि वरून खाली माडांची दाटी, तिच्यापुढे वाळू, दूर पाण्यात सुवर्णदुर्ग. देव आधी किनाऱ्यावर होता, समुद्र वाढला तसा एक पाऊल टाकून कड्यावर आला असं सांगतात, ते पाऊलही दाखवतात. खाली थांबलेल्या वहिनीला वर जाणाऱ्या आजींनी विचारलं, “नाव काय हिचं?” उत्तर ऐकून आजी म्हणाल्या, “आमच्या धाकटीचं पण तेच,” आणि चढायला लागल्या.

काकूंनी उपासाचं थालीपीठ बांधून दिलं, सरपंचाने निरोपाला उठायचे कष्ट घेतले नाहीत. आंबेत, लोणेरे, माणगाव सरळ पार पडलं. ताम्हिणीत यावेळी काही झालं नाही, बिस्किटांचा पुडा वहिनीच्या पर्समध्ये होता.

सोमवार

लसीच्या पुढच्या डोससाठी दादा तिला दवाखान्यात घेऊन गेला. कार्डावर जात: देशी, रंग: तांबूस, नाव: बायो. डॉक्टरांनी मोडक्या कानातून बोटभर वाळू काढली आणि थेंब लिहून दिले, दिवसातून दोनदा. समुद्रावरून आल्यावर कान आतून कोरडे करायचे असतात, नुसते धुवायचे नसतात, असंही सांगितलं.

दुपारी वहिनीने गाडीच्या सीटखालचा फोटो गटावर टाकला. वाळू, केस, अर्धं बिस्किट, एक शिंपला. खाली विचारलं होतं की गाडी धुवायला कोण येणार. निळ्या खुणा सगळ्यांच्या दिसतायत, उत्तर कुणाचंच नाही.